योद्ध्यांच्या आठवणी : झांशी-समथर परिसराचे एक अपुरे ऋण

आपण ज्या मातीवर वावरतो तिचा इतिहास आपण सामान्यतः राजांच्या वंशावळींनी, तहांच्या तारखांनी आणि किल्ल्यांच्या बुरुजांनी ओळखतो. झांशीचे नाव उच्चारताच महाराणी लक्ष्मीबाईसाहेब डोळ्यांपुढे उभ्या राहतात, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु त्या किल्ल्याच्या तटावर तोफांच्या माऱ्याखाली जी माणसे उभी राहिली ती कोण होती, कोणत्या गावांहून आली होती, त्यांतली जी वाचली त्यांचे पुढे काय झाले, आणि उतारवयात नातवंडांना जवळ घेऊन त्यांनी त्या दिवसांविषयी काय सांगितले, याची विचारणा आपण क्वचितच करतो. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत गेल्या पन्नास वर्षांचा आढावा घेतला जाणे स्वाभाविक आहे. त्याच निमित्ताने, आपल्या अवतीभवतीच्या लढवय्यांच्या आठवणी कशा टिकल्या, कशा हरवल्या, आणि आता आपल्या हाती काय करण्याजोगे उरले आहे, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम स्थळाविषयी दोन शब्द. झांशीच्या ईशान्येस, सरळ रेषेत सुमारे ५५ किलोमीटरांवर समथर आहे. बुंदेलखंडातील बहुतेक संस्थाने बुंदेल्यांची; समथरचे राजघराणे मात्र गुर्जर. अठराव्या शतकात मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत हे संस्थान दतियापासून वेगळे झाले आणि १८१७ मध्ये त्याने ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. स्वातंत्र्यानंतर ते विंध्य प्रदेशात विलीन झाले आणि १९५० मध्ये उत्तर प्रदेशाच्या झांशी जिल्ह्यात आले. समथरचा किल्ला आजही गावावर नजर ठेवून उभा आहे. १८५७ च्या उठावात मात्र हे संस्थान पडले नाही. तहाला जागून ते कंपनीच्या बाजूस राहिले. शेजारी झांशी पेटली असता समथर शांत होते, ही वस्तुस्थिती आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करून या परिसराचा इतिहास लिहिता येणार नाही.

तथापि संस्थान शांत राहिले म्हणून युद्ध त्याच्या शिवेबाहेरच थांबले असे नाही. सर ह्यू रोजची फौज २१ मार्च १८५८ रोजी झांशीपुढे येऊन ठाकली. तात्या टोपे मोठे सैन्य घेऊन वेढा उठविण्यास आले. १ एप्रिलला बेतवेच्या काठी त्यांचा मोड झाला. ३ एप्रिलला इंग्रजांचे सैन्य तटावर चढून शहरात शिरले आणि त्यानंतर राणीसाहेब दत्तक पुत्राला घेऊन निवडक स्वारांनिशी किल्ल्याबाहेर पडल्या. भांडेरपाशी लेफ्टनंट डाउकरच्या तुकडीने त्यांना गाठले; तेथे चकमक झाली, डाउकर जखमी झाला आणि बाईसाहेब काल्पीकडे निसटल्या. भांडेरहून समथर सरळ रेषेत सुमारे वीस किलोमीटर. नकाशावर भांडेर आणि कोंच यांना जोडणारी रेघ ओढली तर ती समथरच्या आसपासच्या मुलखातूनच जाते. पुढच्याच महिन्यात, ७ मे रोजी, कोंच येथे दुसरी लढाई झाली. रखरखीत उन्हाळ्यात पराभूत सैन्याच्या तुकड्या, जखमी माणसे, त्यांचा पाठलाग करणारे रिसाले आणि जीव मुठीत धरून निघालेले गृहस्थ हे सारे याच टापूतील वाटांनी गेले. या मुलखातील गावकऱ्यांनी त्यांना पाहिले असणार, कोणी पाणी दिले असणार, कोणी दारे लावून घेतली असणार. त्यांपैकी किती जणांचे कथन कागदावर उतरले? उत्तर द्यावयाचे तर, जवळजवळ कोणाचेच नाही.

हे असे का झाले, याचे कारण शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. जो पक्ष जिंकला त्याच्या सैनिकांच्या छातीवर पदके लागली. १८५७-५८ च्या मोहिमांसाठी काढलेल्या पदकावर 'मध्य हिंदुस्थान' अशा अक्षरांची स्वतंत्र पट्टी होती. ह्यू रोजच्या फौजेबरोबर आलेल्या दोन डॉक्टरांनी, टॉमस लो आणि जॉन हेन्री सिल्व्हेस्टर यांनी, १८६० मध्येच आपापली आठवणींची पुस्तके छापवून घेतली. युद्ध संपून दोन वर्षेही झाली नव्हती, तोच एका बाजूची हकीकत पुस्तकांच्या दुकानांत विक्रीस आली होती. उलट बाजूच्या शिपायाला 'मी त्या लढाईत होतो' असे म्हणणे म्हणजे स्वतःच्या हाताने गळ्यात फास अडकवून घेणे होते. १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने माफी देऊ केली खरी. परंतु इंग्रजांच्या हत्येत ज्यांचा हात होता त्यांना ती नव्हती. कोणावर केव्हा कसला आरोप येईल याचा नेम नव्हता. अशा वेळी शहाणा मनुष्य तलवार विहिरीत टाकतो, नाव बदलतो आणि गप्प राहतो. बापाने मुलापाशीही मौन धरले तर नातवाला काय कळणार? पराभवापेक्षाही हे मौन अधिक काळ टिकले.

येथे एका अवघड गोष्टीचा उल्लेख करणे आम्हांस आवश्यक वाटते, कारण ती विशेषकरून आपणा मराठी माणसांची आहे. झांशीच्या तटाच्या आत मराठी कुटुंबे होती. नेवाळकरांच्या सुभेदारीपासून ती येथे नांदत होती. पण तटाच्या बाहेरही मराठी बोलणारी माणसे होती. ह्यू रोजच्या फौजेत मुंबई इलाख्याच्या सैन्यातील २४ व्या आणि २५ व्या देशी पायदळ पलटणी होत्या, आणि मुंबईच्या सैन्यात परदेशी शिपायांबरोबर कोकणातील व देशावरील मराठे, महार आदी लोकांचा मोठा भरणा असे. म्हणजे शिडी लावून चढणारा आणि वरून दगड लोटणारा, हे दोघेही वेदनेने विव्हळताना एकाच भाषेत आईला हाक मारीत असण्याचा पुरेपूर संभव होता. आतल्यांची आठवण आपण निदान गौरवाने करतो. बाहेरच्या त्या शिपायांना इंग्रजांच्या दप्तरात पलटणीचा क्रमांक मिळाला, आणि आपल्या इतिहासात तर तोही मिळाला नाही. त्यांच्या बाजूचे समर्थन करणे हा आमचा हेतू नव्हे. परंतु पोटासाठी पलटणीत गेलेल्या त्या माणसाने झांशीची जाळपोळ पाहून रात्री काय विचार केला असेल, हे जाणून घेण्याची इच्छा ज्याला होत नाही त्याला इतिहास पुरता हवा आहे असे म्हणता येणार नाही.

या मौनाला एक मोठा अपवाद आहे, आणि तो मराठी भाषेत आहे, ही आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे एक गरीब भिक्षुक. घरावरील कर्ज फिटावे म्हणून, बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत हे ऐकून, ते चुलत्यांसह १८५७ मध्ये उत्तर हिंदुस्थानाकडे निघाले. दक्षिणेच्या आशेने निघालेला हा ब्राह्मण वाटेतच बंडाच्या वणव्यात सापडला आणि वेढ्याच्या काळात झांशीत राहिला. शहरावर पडणारे गोळे, पडलेली भगदाडे रात्री बुजविणारे गवंडी, शहर पडल्यावरची कत्तल आणि लूट, हे सारे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. पुढे काल्पीच्या वाटेवर, धुळीने माखलेल्या पुरुषी वेषात, तहानेने व्याकूळ झालेल्या राणीसाहेब त्याला एका विहिरीपाशी भेटल्या. ज्या बाईंचे वैभव त्याने झांशीत पाहिले होते त्या मातीच्या भांड्यातून पाणी पीत होत्या. हा प्रसंग कोणत्याही सरकारी कागदात नाही. तो आपल्यापर्यंत पोहोचला तो केवळ एका भिक्षुकाने तो लक्षात ठेवला म्हणून. गोडसे भटजी घरी परतले ते रिकाम्या हातांनी. मात्र आईवडिलांसाठी गंगेची कावड त्यांनी खांद्यावरून घरापर्यंत आणली.

परंतु येथे आम्हांस विशेष लक्षात घ्यावासा वाटतो तो पुढचा भाग. गोडसे भटजींनी आपण होऊन काही लिहिले नाही. पंचवीस वर्षे ते या गोष्टी तोंडीच सांगत राहिले असतील. कल्याणच्या वैद्य घराण्याचे ते उपाध्ये. त्या घराण्यातील चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहामुळे त्यांनी १८८३ च्या सुमारास लेखणी हाती घेतली. आपल्या हयातीत हे छापू नये अशी त्यांची अट होती. बंड शमून पाव शतक लोटले होते, लिहिणारा तर लढवय्याही नव्हता, तरी भीती गेलेली नव्हती! अखेर त्यांच्या पश्चात १९०७ मध्ये 'माझा प्रवास' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. म्हणजे हा अनमोल ग्रंथ आपल्याला लाभला तो तीन गोष्टींमुळे : एकाने पाहिले, दुसऱ्याने विचारले, आणि विचारणाऱ्याने दिलेला शब्द पाळून कागद सांभाळला. यांतील पहिली गोष्ट हजारोंच्या बाबतीत घडली होती. दुसरी आणि तिसरी फार थोड्यांच्या वाट्याला आली.

या ग्रंथाचा आणखी एक धडा आहे. वैद्यांनी पुस्तक छापताना त्या काळच्या रुचीप्रमाणे भाषा सुधारली, काही मजकूर गाळला, काही ठिकाणी आपली भर घातली. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे जपले गेले, म्हणूनच महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांना १९६६ मध्ये ते मूळ स्वरूपात वाचकांपुढे ठेवता आले, आणि गोडसे भटजींचा खरा आवाज, त्यांच्या भाबडेपणासह आणि त्यांच्या काळाच्या समजुतींसह, आपल्या कानी पडला. याच्या उलट उदाहरण अवधच्या सीताराम सुभेदाराचे. त्याच्या नावावरील आठवणींचे इंग्रजी भाषांतर नॉरगेट नावाच्या अधिकाऱ्याने १८७३ मध्ये लाहोरास प्रसिद्ध केले. एका देशी शिपायाचे संपूर्ण आयुष्य सांगणारे असे दुसरे पुस्तक त्या काळात सापडणे कठीण. पण मूळ हिंदी लेखन उपलब्ध नाही. त्यामुळे त्यातील बोल शिपायाचे किती आणि साहेबाचे किती, याविषयी अभ्यासकांत आजवर वाद चालू आहे. सांगणाऱ्याचे मूळ शब्द जपले नाहीत तर पुढे त्याच्या खरेपणावरच प्रश्नचिन्ह उभे राहते, हे या दोन पुस्तकांच्या तुलनेवरून स्पष्ट दिसते.

राणीसाहेबांच्या दत्तक पुत्राची कहाणीही अशीच कशीबशी तगून राहिली. दामोदरराव तेव्हा अवघे आठ-नऊ वर्षांचे होते. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ राणीसाहेब धारातीर्थी पडल्यानंतर या पोरक्या मुलाला घेऊन रामचंद्रराव देशमुख, रघुनाथसिंह आदी मूठभर एकनिष्ठ माणसे रानावनांतून भटकत राहिली. दामोदररावांच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या आठवणी य. न. केळकर यांनी १९५९ मध्ये 'इतिहासाच्या सहली' या पुस्तकात प्रसिद्ध केल्या. त्यांत जंगलातील उपासमार, आजारपण, एकेक सोबती गळून पडणे आणि रिसालदार नन्हेखान याच्या खटपटीने अखेर इंग्रज अधिकाऱ्यांच्या स्वाधीन होणे, हे सारे येते. १८६० मध्ये हा मुलगा इंदुरास पोहोचला; त्याला नेमणूक मिळाली आणि १९०६ मध्ये तेथेच त्याचा अंत झाला. त्याची निदान नोंद तरी राहिली. परंतु ज्यांनी त्याला खांद्यावर वाहिले, स्वतः उपाशी राहून त्याला घास दिला, त्यांच्या मनातले कोणी विचारले? लढाईतील शौर्य दिसते, त्याचे पोवाडे होतात. पराभवानंतरच्या दोन वर्षांतील निष्ठा दिसत नाही; ती कोणी सांगितली तरच कळते.

जेथे कागद नव्हता तेथे लोकांच्या जिभेने काम केले. झांशीचे विख्यात हिंदी कादंबरीकार वृंदावनलाल वर्मा यांनी १९४६ मध्ये राणीसाहेबांवरील कादंबरी प्रसिद्ध केली, तिच्यामागे घरातील वडीलधाऱ्यांकडून आणि परिसरातील वृद्धांकडून ऐकलेल्या गोष्टींचा मोठा आधार होता. बंगाली लेखिका महाश्वेता देवी झांशी-ग्वाल्हेरकडील गावे हिंडल्या आणि १९५६ मध्ये त्यांचे राणीचरित्र निघाले. अमृतलाल नागर यांनी 'माझा प्रवास' हिंदीत नेले. इतकेच नव्हे, तर अवधच्या गावागावांतून फिरून, १८५७ च्या ज्या कथा लोक अजून सांगत होते त्या गोळा करून १९५७ मध्ये 'गदर के फूल' हा संग्रह सिद्ध केला. उठावाला शंभर वर्षे होत असताना प्रत्यक्ष पाहणारा कोणी जिवंत नव्हता, पण पाहणाऱ्याच्या तोंडून ऐकलेला नातू भेटत होता. नागरांनी ही शेवटची वेळ साधली. आणखी वीस वर्षांनी कोणी निघाला असता तर त्याला बहुतांशी पुस्तकांतून परत गावात गेलेल्या कथाच ऐकायला मिळाल्या असत्या.

झलकारीबाईंचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. झांशीजवळच्या भोजला गावच्या कोरी समाजातील या वीरांगनेची कथा प्रामुख्याने तिच्या समाजाने आणि बुंदेली लोकपरंपरेने जतन केली. समकालीन कागदपत्रांत तिला जागा मिळाली नाही; पुढे साहित्याने तिला हात दिला, आणि २००१ मध्ये भारत सरकारने तिच्या नावे टपाल तिकीट काढले. ज्यांना लिहिता येत नव्हते, ज्यांच्या घरी दप्तर नव्हते, त्यांनी आपला वीर केवळ स्मरणाच्या बळावर दीडशे वर्षे जिवंत ठेवला. झांशीच्या किल्ल्यात गोलंदाज गुलाम गौसखान, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांची समाधिस्थाने आहेत. त्यांच्याविषयी लोक जे सांगतात त्याचीही हीच कथा. लोककथेत भर पडते, तपशील बदलतात, हे खरे. म्हणून ती टाकून द्यावयाची नसते. 'लोक असे सांगतात' अशी प्रामाणिक नोंद करून ती कागदाशेजारी ठेवावयाची असते. कागदाला जसे लिहिणाऱ्याचे हितसंबंध असतात, तसे कथेला सांगणाऱ्याचे प्रेम असते. दोहोंना पारखून घेणे हे वाचकाचे काम.

विसाव्या शतकातील महायुद्धांनी हा प्रश्न अधिक व्यापक केला. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानचे तेरा लाखांवर लोक सैन्यात व सैन्याच्या सेवेत गेले. सुमारे ७४,००० परतले नाहीत. मेसापोटेमियातील कुत-अल-अमारा येथे २९ एप्रिल १९१६ रोजी जी फौज उपासमारीने शरण गेली तिच्यात मराठा पलटणींचे जवान होते. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावचे ४६ वीर त्या महायुद्धात कामी आले. महाराष्ट्रातील अनेक गावांत, 'या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांपैकी इतके मरण पावले' अशा संगमरवरी पाट्या आढळतात. पाटीवर आकडा असतो. आकड्याला चेहरा नसतो.

आणि त्या शिपायांचे बोल जेथे उरले, ते कोणत्या हातांनी राखले पाहा! फ्रान्समधून हिंदी शिपाई घरी जी पत्रे लिहीत ती टपाल-तपासनीस उघडून वाचीत आणि संशयास्पद वाटणाऱ्या वा सैन्याच्या मनःस्थितीवर प्रकाश टाकणाऱ्या मजकुराचे इंग्रजी उतारे काढून ठेवीत. मूळ पत्रे गावोगावच्या वाळवीने खाल्ली. तपासनिसाचे उतारे मात्र लंडनच्या दप्तरात सुरक्षित राहिले आणि १९९९ मध्ये डेव्हिड ओमिसी यांनी त्यांतील निवडक पत्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तिकडे जर्मनीत, वुन्सडॉर्फच्या कैद्यांच्या छावणीत, जर्मन भाषाशास्त्रज्ञांनी निरनिराळ्या भाषांचे नमुने हवेत म्हणून हिंदी युद्धकैद्यांचे आवाज तबकड्यांवर मुद्रित केले. त्यांपैकी मालसिंग नावाच्या शिपायाने ११ डिसेंबर १९१६ रोजी यंत्रापुढे उभे राहून घरच्या लोण्याची आणि परतीच्या ओढीची गोष्ट सांगितली. ती तबकडी बर्लिनमध्ये आजही आहे. एकाने संशयापोटी जपले, दुसऱ्याने व्याकरणापोटी. आपुलकीपोटी जपणारे आपण तेव्हा कोठे होतो, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

झांशीच्या नावाने तर एक आगळे सैन्यही उभे राहिले. १९४३ मध्ये सिंगापुरात नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद फौजेत स्त्रियांची 'झांशीची राणी' पलटण स्थापन केली. कॅप्टन लक्ष्मी स्वामीनाथन तिच्या प्रमुख. त्या पलटणीतील कितीतरी मुली मलायातील रबराच्या मळ्यांत काम करणाऱ्या तमिळ मजुरांच्या. झांशी कोणत्या दिशेस आहे हेही त्यांपैकी अनेकींना ठाऊक नसावे. लढाई संपल्यावर त्या मळ्यांत, संसारांत परतल्या आणि दीर्घकाळ कोणी त्यांची आठवण विचारली नाही. लक्ष्मी सहगल यांनी स्वतः लिहिले, त्यांनी व प्रेमकुमार सहगल यांनी सांगितलेल्या हकीकतींच्या आधारे पीटर फे यांनी १९९३ मध्ये ग्रंथ सिद्ध केला, आणि पुढे हयात असलेल्या वृद्ध स्त्रियांना भेटून व्हेरा हिल्डेब्रँड यांनी २०१६ मध्ये त्यांची कहाणी प्रसिद्ध केली. सत्तर वर्षांनी का होईना, कोणीतरी त्यांच्या दारी गेले. ज्या नगरीचे नाव त्या स्त्रियांनी मिरविले, तिच्या रहिवाशांना यातून काही बोध घेता येईल.

हा बोध कोणता? दुसऱ्या महायुद्धातील वीर, इटलीच्या रणांगणावर व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांच्या पिढीचे सैनिक, आता जवळजवळ सर्वच काळाच्या पडद्याआड गेले आहेत. घाडगे १० जुलै १९४४ रोजी रणांगणावरच पडले. त्यांची कथा मानपत्राच्या चार वाक्यांत संपते. १९६२ आणि १९६५ चे जवान ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. १९७१ मध्ये जो विशीचा होता तो आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. झांशी आणि बबिना या छावण्यांच्या परिसरात, समथर-मोठच्या गावांत, तसेच आपल्या मराठी कुटुंबांतही अशी माणसे आहेत. प्रजासत्ताकदिनी आपण त्यांना शाल-श्रीफळ देतो, व्यासपीठावर बसवितो, टाळ्या वाजवितो; आणि त्यांना बोलू न देताच घरी पोहोचवितो. सन्मानाचा हा प्रकार वाईट नव्हे, पण अपुरा आहे. योद्ध्याचा खरा सन्मान त्याचे ऐकून घेण्यात आहे.

म्हणून मंडळाच्या पुढील कार्याच्या दृष्टीने आम्ही काही सूचना नम्रपणे मांडतो. पहिली अशी की, आठवण सांगणाऱ्याच्याच भाषेत घ्यावी. मराठी असो, बुंदेली असो वा पलटणीतली मिश्र हिंदुस्थानी असो. तिला साहित्यिक वळण देण्याचा मोह टाळावा. गोडसे भटजींच्या हस्तलिखिताचा अनुभव आपल्यापुढे आहेच. ध्वनिमुद्रण करावे, त्याची लिखित प्रत काढावी, आणि दोन्ही जपावी. दुसरी अशी की, प्रश्न केवळ शौर्याचे विचारू नयेत. किती शत्रू मारले हे विचारण्याऐवजी, भरती का झालात, पहिल्या रात्री झोप लागली का, जेवायला काय असे, घरची पत्रे किती दिवसांनी येत, कोणता सोबती गेला आणि त्याच्या घरी कोणी कळविले, हे विचारावे. पराक्रमाची नोंद मानपत्रात असते. माणसाची नोंद अशा उत्तरांत सापडते. जे सांगावयाचे नसेल ते न सांगण्याचा त्याचा हक्क मान्य करावा आणि गोडसे भटजींप्रमाणे एखाद्याने 'माझ्यामागे प्रसिद्ध करा' असे म्हटले तर तो शब्द पाळावा.

तिसरी सूचना, सैनिकाच्या पत्नीलाही विचारावे. तार येते की काय या धास्तीने ज्या स्त्रीने महिनेच्या महिने काढले, शेत आणि सासू-सासरे सांभाळले, तिनेही एक युद्ध लढलेलेच असते. तिला पदक नाही. चौथी, जिभेवरच्या आठवणीला कागदाची जोड द्यावी. डिस्चार्ज बुक, पलटणीचे नाव व क्रमांक, छायाचित्रे, जुनी पत्रे यांच्या प्रती काढाव्यात, म्हणजे तारखा पडताळता येतील. वृद्धापकाळी स्मरण दगा देते; तो सांगणाऱ्याचा दोष नव्हे, नोंद घेणाऱ्याने सावध असले म्हणजे झाले. पाचवी आणि महत्त्वाची, संग्रह एकाच कपाटात ठेवू नये. एक प्रत मंडळात, एक कुटुंबाकडे, एक एखाद्या ग्रंथालयात किंवा संशोधन संस्थेत असावी. गोडसे भटजींचे बाड एखाद्या माळ्यावरच राहिले असते तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. आणि जे जमेल ते दडवून न ठेवता वर्षातून एकदा मुलांसमोर वाचून दाखवावे. ज्या आठवणी कोणी ऐकत नाही त्या जपल्या काय आणि हरवल्या काय, सारखेच.

या कामाला मोठा निधी लागत नाही, इमारत लागत नाही, मान्यवरांची शिफारस लागत नाही. एक ध्वनिमुद्रक, एक वही, आणि दुपारी दोन तास शांतपणे बसून ऐकण्याची तयारी एवढे पुरे. चिंतामणराव वैद्यांनी गोडसे भटजींकडे आग्रह धरला तेव्हा त्यांच्यापाशी तरी याहून अधिक काय होते? त्यांच्या त्या आग्रहामुळे, झांशीचा वेढा आतून कसा होता हे आज सारे जग जाणते. तो ग्रंथ हिंदीत गेला, इंग्रजीत गेला, आणि अभ्यासक त्याचा आधार घेत आहेत.

समथरने त्या युद्धात एक बाजू घेतली, झांशीने दुसरी. आज दोन्ही एकाच जिल्ह्यात नांदतात आणि दोन्हीकडची मुले एकाच सैन्यात भरती होतात. शंभर वर्षांपूर्वी ज्यांचे ऐकायचे राहून गेले त्यांच्यासाठी आता काही करता येणार नाही. पण आपल्याच गल्लीत, आपल्याच नात्यात जो निवृत्त सुभेदार किंवा हवालदार संध्याकाळी ओट्यावर बसलेला असतो, तो अजून बोलू शकतो. मंडळाच्या हीरक महोत्सवाची स्मरणिका निघेल तेव्हा तिच्यात अशा दहा माणसांच्या हकीकती त्यांच्याच शब्दांत छापलेल्या असाव्यात, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही हा लेख पुरा करतो. कामाला आरंभ करावयाचा तर तो या वर्षीच केला पाहिजे. कारण सांगणारे थांबतील, पण काळ त्यांच्यासाठी थांबणार नाही.